ग्लेनिस पास्को आणि दारापुढची पट्टी

गवत कापून झालेल्या पुरुषाइतका स्वतःवर खूश असलेला प्राणी ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या ईगलहॉक गावात सापडायचा नाही, असं ग्लेनिस पास्कोचं ठाम मत होतं. ते काही हवेतलं मत नव्हतं. सेहेचाळीस वर्षं ती त्याच गल्लीत, त्याच विटांच्या घरात राहत होती आणि दर शनिवारी नऊच्या ठोक्याला एकेक जण अर्ध्या चड्डीत, पेट्रोलचं मशीन ढकलत, लढाईला निघाल्यासारखा बाहेर पडताना बघत होती. दोरी ओढायची, शिवी हासडायची, पुन्हा ओढायची. मग तासभर धूर आणि कानठळ्या. आणि शेवटी कमरेवर हात ठेवून आपल्याच गवताकडे असं बघत राहायचं, की जगात पहिल्यांदा गवत यांनीच कापलं. ग्लेनिसने एकतीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री केली होती. प्रत्येक चादरीकडे ती अशी बघत उभी राहिली असती, तर मुकादमाने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

तिचा नवरा लेन त्यातलाच. माणूस बरा, पण शनिवारी त्याचीही तीच तऱ्हा. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्याला पोचवून आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी शेजारच्या मर्व टॉलहर्स्टने, कोणी न सांगता, तिच्या दारापुढची पट्टी कापून टाकली. पट्टी म्हणजे फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधलं गवत. जमीन गावच्या कौन्सिलची, पण कापायची ज्याच्या दारापुढे असेल त्याने. याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ असतात. आपली पट्टी झाली की हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या गवतात एक-दोन फेऱ्या मारायच्या, ही माणुसकी. बरोबर हद्दीवर मशीन थांबवलं, तर दोन्ही घरांत बोलणं बंद आहे असं समजायचं. आणि शेजाऱ्याची अख्खी पट्टी कापली, तर त्या घरात कोणीतरी आजारी आहे, बाळंतीण आहे, नाहीतर एकटी बाई आहे, हे सगळ्यांना कळतं.

पहिले दोन महिने तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिने आभारही मानले. पण मर्व काही थांबेना. दर शनिवारी तो तिची पट्टी कापायचा आणि मग कुंपणाला रेलून चहाची वाट बघायचा. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता तो, शहात्तर वर्षांचा, अजून ठणठणीत. बायको कधीच सोडून गेलेली, मुलगी बॅलरॅटला. तिच्याकडचा चहा पीत तो तिलाच नळ कसा बंद करावा ते शिकवायचा. दीडशहाणा मेला. चार वर्षांत ती पट्टी म्हणजे दारावर लावलेली पाटीच झाली, की इथे राहणाऱ्या बाईच्यानं आता काही होत नाही.

मागच्या अंगणाकडे मात्र मर्वचं लक्ष नव्हतं, कारण ते रस्त्यावरून दिसत नाही. लेनच्या मशीनची दोरी ओढणं यंदा ग्लेनिसच्या उजव्या खांद्याला जमेना. सप्टेंबर संपता संपता मागे गवत पोटरीला लागायला लागलं. तशात तिचा मुलगा रसेल आला. हा मेलबर्नला बाथरूमच्या फरश्या विकतो, चौथ्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या मालकीचं गवताचं एक पातंही नाही. तो मागच्या दारात उभा राहून सापांबद्दल बोलला. मग त्याने खिशातून चकचकीत कागद काढला. म्हाताऱ्यांसाठी बांधलेली वसाहत होती ती. छोटी घरं, सगळी सारखी, गवत कंपनीची माणसं कापणार.

"मर्व आहे म्हणून तुझं चाललंय, आई," रसेल म्हणाला. "उद्या तो नसला तर?"

रसेलने स्वतःच मुदत ठरवली. नोव्हेंबरात मेलबर्न कपच्या घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते, तेव्हा तो पुन्हा येणार होता. तोवर अंगण असंच राहिलं, तर वसाहतीत नाव नोंदवायचं आणि घर विकायला काढायचं. लेनने ज्या घरात शेवटचा श्वास घेतला, जिथे तिला प्रत्येक दाराची कुरकुर ओळखीची होती, ते घर गवतापायी जाणार होतं. रसेलची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली आणि मग आत येऊन तो कागद कचऱ्याच्या डब्यात घातला.

सोमवारी तिने दुकानातून बॅटरीचं मशीन आणलं. विकणाऱ्याने, छोट्या अंगणाला आणि आजीबाईंना अगदी झकास, असं म्हणून वर गोड हसूनही दाखवलं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं भाषण गिळलं. मशीन चौदा किलोचं, दोरी नाही, पेट्रोल नाही. पावाच्या लादीएवढी बॅटरी वरून बसवायची, किल्ली घालायची, बटण दाबून दांडा धरायचा. दांडा सोडला की पातं थांबतं. काम झालं की दांडा दुमडून इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभं करून ठेवता येतं.

पहिल्या दिवशी पुरती फजिती झाली. पोटरीएवढं गवत, सकाळचं दव, आणि हिने पातं लावलं सगळ्यांत खाली, म्हणजे एकदाच काय तो निकाल. सात मिनिटांत मशीन गुरगुरून बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापली आणि तिच्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कुंपणावर मर्वचं डोकं होतंच.

"ग्लेन, ते घरात फिरवायचं असतं गं. गालिच्यावर," तो म्हणाला. "नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुझे तर नऊ मिनिटांत संपले की."

आणि मग तो आपलं मशीन घेऊन फाटकातून सरळ आत आला. पंधरा मिनिटांत मागचं अंगण साफ. साफ कसलं, न्हाव्याने सूड उगवावा तसं मुळापर्यंत भादरलेलं, मध्येमध्ये मातीचं टक्कल. मग कमरेवर हात. ग्लेनिसने चहा केला, पण बिस्किटांचा डबा काही उघडला नाही. संध्याकाळी रसेलचा फोन आला. मर्वने त्याला सगळं रंगवून सांगितलं होतं, आणि रसेल अशा हळू आवाजात बोलत होता, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. फोन ठेवल्यावर ती संतापाने रडली. दुःखाने नाही, हे तिनेच स्वतःला दोनदा बजावलं.

पण चादरीचं काम केलेली बाई एका डागाने हार मानत नाही. गवत पुन्हा उगवलं तशी ती शिकली. पातं सगळ्यांत वर ठेवायचं. मशीनच्या अर्ध्याच रुंदीचं गवत घ्यायचं, म्हणजे बॅटरीला धाप लागत नाही. दव वाळल्यावर, जेवणानंतर कापायचं. एका वेळी टोकंच घ्यायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडी. मंगळवारी पुढचं अंगण, गुरुवारी मागचं अर्धं. मग बॅटरी चार्जिंगला लावून चहा आणि शब्दकोडं, आणि तासाभराने उरलेलं अर्धं. आठवडाभर वाढू द्यायचं आणि शनिवारी तुटून पडायचं, हा पुरुषी खुळचटपणा तिच्या मशीनला चालत नव्हता, आणि हीच गोष्ट तिला त्या मशीनमध्ये सगळ्यांत जास्त आवडली. तीन आठवड्यांत मागचं अंगण असं झालं की वर चादर अंथरली तर सुरकुती पडू नये.

राहिली पट्टी. ती मर्वच्या ताब्यात. ग्लेनिसने त्याला सरळ सांगून पाहिलं, की आता मी कापीन, तू तसदी घेऊ नकोस. तो हसला आणि म्हणाला, तसदी कसली त्यात, दहा मिनिटांचं तर काम. तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. उपकार करणाऱ्याला नको म्हणायची सोयच नसते. शिवी देणाऱ्याला निदान उलट शिवी तरी देता येते.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ती साडेसहाला उठली. पेट्रोलचं मशीन इतक्या लवकर लावलं तर गल्ली अंगावर येईल, पण हिच्या मशीनचा आवाज पंख्यापेक्षा थोडाच जास्त. पाव तासात तिची पट्टी झाली. बॅटरीत अजून दोन दिवे शिल्लक होते. हद्दीपाशी ती क्षणभर थांबली, मर्वच्या बंद खिडक्यांकडे बघितलं आणि तशीच पुढे गेली. एक फेरी नाही, दोन नाहीत. त्याची अख्खी पट्टी तिने कापली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडाही कात्रीने सरळ केल्या. त्याची अशी जिरवायची की पुन्हा कुंपणावर डोकं दिसता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं.

नऊ वाजता मर्व मशीन घेऊन बाहेर आला. ग्लेनिस पडद्याआड चहाचा कप घेऊन उभीच होती. तो स्वतःच्या पट्टीकडे बघत राहिला. समोरच्या घरातली वेंडी कुत्रा फिरवून येत होती, ती थांबली आणि त्याला काहीतरी विचारलं. शब्द ऐकू आले नाहीत, पण वेंडीची मान एका बाजूला कलली होती, आणि माणसाची तब्येत विचारतानाच ती तशी कलते. मर्वने दोरीला हातसुद्धा लावला नाही. मशीन वळवलं आणि आत नेलं. ग्लेनिसला इतका आनंद झाला की तिने तेवढ्या सकाळी चॉकलेटचं पाकीट फोडलं.

पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. कुंपणावरचं डोकं गेलं, चहा गेला. कपच्या सुट्टीला रसेल आला, अंगणातून दोनदा फिरला, खाली वाकून गवतावरून हात फिरवला. हे सगळं तू केलंस का, असं त्याने विचारलं. तिने दुमडलेलं मशीन दाखवलं. वसाहतीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. घर राहिलं. त्या रात्री ती बिछान्यावर आडवी पसरून झोपली.

नोव्हेंबर संपताना मर्वची मुलगी लिआन आली. वडिलांच्या घरात तासभर बसून मग ती ग्लेनिसच्या दारात आली आणि एकदम तिच्या गळ्यातच पडली.

"तुमचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही. बाबांना आता जमत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. वेंडीने फोन केला तेव्हा कळलं, की त्यांची पट्टी दर शनिवारी तुम्ही कापता."

लिआन सांगत होती की बाबांचं नाव वसाहतीत नोंदवलंय, नाताळ झाला की हलवायचं. ते नाही म्हणतायत, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला त्यांचं गवत कापावं लागतंय म्हटल्यावर त्यांचं ऐकायचं तरी किती?

"अगं, त्याला सगळं जमतं," ग्लेनिस म्हणाली. "तो उठायच्या आधी मीच मुद्दाम कापते. खोडी म्हणून."

लिआनने तिचा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते तिचे. "बाबाही अगदी हेच म्हणाले," ती म्हणाली. "तुम्ही किती चांगल्या आहात."

ग्लेनिस आणखी बरंच बोलली. मर्व कसा आगाऊ आहे, त्याने तिचं अंगण कसं भादरलं, रसेलला कसं कळवलं, सगळं. जितकं बोलली तितकी लिआनची मान एका बाजूला कलत गेली. शेवटी तिने ग्लेनिसच्या पाठीवर थोपटलं आणि गाडीकडे गेली.

आलेल्या शनिवारी ग्लेनिस साडेसहाला उठली नाही. शिव्या घालायच्या त्या मर्वलाच घालीत ती अंथरुणात पडून राहिली, आणि सव्वानऊला खिडकीशी आली. बाहेर सगळ्यांची मशीनं धडधडत होती. मर्वचं दार बंद होतं. दोन्ही पट्ट्यांवर गवत तसंच उभं होतं. दहा वाजले तरी तो येईना, तेव्हा तिने जाऊन त्याच्या जाळीच्या दारावर थाप मारली. तो आला, पण जाळी उघडली नाही.

"मर्व, आज माझी पट्टी कापून दे," ती म्हणाली. हे वाक्य घशातून बाहेर काढताना तिला जेवढे कष्ट पडले, तेवढे एकतीस वर्षांच्या इस्त्रीत पडले नसतील.

"कशाने कापू?" मर्व म्हणाला. "मशीन लिआनने नेलं. आता तुम्हाला कशाला लागतंय, म्हणाली."

त्याच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर तिला तोंड उघडता आलं असतं. ती तशीच घरी आली, किल्ली घातली, बटण दाबलं आणि भर गल्लीसमोर आधी तिची पट्टी कापली, मग हद्द ओलांडून त्याची. जाता जाता वेंडीने तिच्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि कौतुकाने मान हलवली. थुंकावंसं वाटलं ग्लेनिसला. पण मशीन थांबवून चालणार नव्हतं, कारण मर्वच्या दारापुढचं गवत कापायला आता खरोखरच दुसरं कोणी उरलं नव्हतं.