अण्णा, द हेग आणि चार मिनिटांची शांतता

माझे सासरे पहिल्यांदा नेदरलँड्सला आले ते एप्रिलमध्ये, आणि आल्या आल्या त्यांनी ट्यूलिप बघायला साफ नकार दिला. "फुलं मंडईतही मिळतात," म्हणाले. पवनचक्क्या नकोत, कालव्यातली बोट नको, चीजचा बाजार तर मुळीच नको. आठवडाभर आमच्या डीमन गावातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ते खालून जाणाऱ्या सायकली बघत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्या व्हिसाचे उरलेले दिवस भरायचे कसे, याचा विचार करत होते.

मग एक दिवस ते नातीबरोबर लायब्ररीत गेले आणि एक पत्रक घेऊन आले. डच त्यांना ओ का ठो कळत नाही. पण पत्रकावर एका म्हाताऱ्या ब्रिटिश नाटककाराचा फोटो होता आणि खाली त्याचं नाव. मी वाचून सांगितलं. द हेगमधल्या एका छोट्या चित्रपटगृहात शुक्रवार ते रविवार या माणसाने पडद्यासाठी जे जे लिहिलं ते दाखवणार होते. टीव्हीवरची नाटकं, तीन सिनेमे. रविवारी तो स्वतः येणार होता.

"मला जायचंय," अण्णा म्हणाले. "त्याला भेटायचंय. एक गोष्ट सांगायची राहिलीय."

"कोणती?"

"त्यालाच सांगेन."

या नाटककाराचं नाव मी इथे देत नाही. ही अण्णांची अट आहे, आणि हा लेख त्यांनी वाचल्यावरच मी टाकला आहे.

आता अण्णांविषयी. पुण्यात एका बँकेत तीस वर्षं नोकरी, आणि त्याहून जास्त निष्ठेने बँकेच्या नाट्यमंडळात काम. आंतरबँक नाट्यस्पर्धा म्हणजे त्यांची दिवाळी. आमच्या घरात 'खिडकी नंबर सात' या नाटकाला फार मान आहे. अण्णांनी लिहिलेलं, बसवलेलं, प्रमुख भूमिकाही त्यांचीच, आणि लेखनाचं पहिलं बक्षीस. रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या सामानाची खिडकी, तिथला कारकून, आणि दर गुरुवारी एका बॅगेची चौकशी करायला येणारी बाई. शेवटी कारकुनाचं लांबलचक स्वगत आहे. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते तोंडपाठ आहे. लग्नाआधी त्याने मला ते म्हणून दाखवलं होतं आणि तरीही मी त्याच्याशी लग्न केलं.

निखिलच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, त्यामुळे तो आणि आमची मुलगी इरा घरी राहिले. झाउडओस्ट भागातल्या माझ्या ऑफिसातून मी शुक्रवारची सुट्टी काढली.

शुक्रवार

डीमन झाउड स्टेशनहून स्प्रिंटर, म्हणजे इथली लोकल, स्खिपोलला गाडी बदलायची, तिथून थेट द हेग. तासाभराचा रस्ता. सकाळी नऊनंतर निघालात तर सवलतीचं कार्ड चालतं आणि बसायला जागाही मिळते. खरं तर रोज जाऊन येऊन करता आलं असतं, पण अण्णांचे गुडघे बघता मी स्खेव्हेनिंगनला समुद्राजवळ दोन खोल्या घेतल्या. सेंट्राल स्टेशनवरून नऊ नंबरची ट्रॅम थेट जाते. एक सूचना मात्र मनावर घ्या: सोबत ज्येष्ठ नागरिक असतील तर बुकिंग करतानाच तळमजला मागा. डच जिना म्हणजे माळ्यावर चढायची शिडी. अण्णा दोन्ही हातांनी कठडा धरून चढले आणि वर पोचल्यावर म्हणाले, "रोज चढत असतील तर यांना जिमची गरज काय?"

चित्रपटगृह शहराच्या मध्यभागी, साधारण शंभर खुर्च्यांचं. तिन्ही दिवसांचा एकत्र पास घेतला तर बराच स्वस्त पडतो. पहिल्या दिवशी दोन गोष्टी होत्या: रेल्वे फाटकाजवळच्या घरात राहणाऱ्या दोन भावांचा सिनेमा आणि एक जुनं टीव्ही नाटक, ज्यात एक कुटुंब बराच वेळ फक्त बटाटे सोलतं. इंग्रजी संवाद, खाली डच अक्षरं. अण्णांना ते उच्चार झेपत नव्हते म्हणून मी कानात सांगायला लागले, तर पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून शांतपणे सांगितलं, "तुम्ही बोलताय. मी तिकीट काढलंय." इथे लोक असंच बोलतात, रागाने नाही. उरलेला वेळ अण्णा स्वतःच्या बळावर बघत राहिले.

बाहेर आल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. "याची रंगमंचावरची नाटकं मी वाचली आहेत. माणसं नुसती बोलत सुटतात, थांबत नाहीत. आणि कॅमेरा हातात आला की हा माणूस सगळ्यांना गप्प बसवतो! बटाटे सोलण्यातच त्या नवरा-बायकोचं भांडण संपलं, बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, बटाटेच सोलताहेत.

समुद्रावर वारा इतका होता की तळलेल्या माशांचे तुकडे द्रोणातून उडायच्या बेतात होते. ते जरूर खा, पण कांदा घातलेला कच्चा हेरिंग मासा पहिल्याच दिवशी नको. अण्णांनी एक घास खाल्ला आणि उरलेला मला दिला.

शनिवार

दुपारी दोनचा खेळ. पत्रकावर फक्त इंग्रजी नाव होतं, विषय लिहिलेला नव्हता. दिवे मालवले. पडद्यावर रेल्वे स्टेशन, हरवलेल्या सामानाची खिडकी, आत एक कारकून. शिक्का मारण्याआधी तो शिक्क्यावर फुंकर घालतो.

निखिल स्वगताआधी नेमकी तशीच फुंकर घालून दाखवतो.

मग ती बाई आली. गुरुवार होता. तिने बॅगेची चौकशी केली आणि कारकून म्हणाला की इथे वस्तू येतात, माणसं नाही. हे वाक्य मी सासरच्या प्रत्येक गणपतीत मराठीतून ऐकलं आहे, त्यावर टाळ्या वाजवल्या आहेत. मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

आता पुढचं सगळं मला माहीत होतं. स्टेशनमास्तर येईल, आला. चहा सांडेल, सांडला. मी शेवटच्या स्वगताची वाट बघत बसले, आणि ते आलंच नाही. बाई खिडकीशी उभी राहते. कारकून मागे वळतो आणि फळीवरची एकेक बॅग उचलून पुन्हा जागेवर ठेवतो. कॅमेरा कधी त्याच्या पाठीवर, कधी तिच्या हातांवर. कोणी एक शब्द बोलत नाही. मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं. मग खिडकीचं दार खाली येतं आणि नाटक संपतं.

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? फसवल्यासारखं वाटलं.

द हेगला आलात तर सुरिनामी रोटी, म्हणजे सुरिनाममार्गे इथे आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची रोटी, खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मऊ रोटी, बटाटा, लांब शेंगांची भाजी, आणि जपून खावी अशी मिरचीची चटणी. आम्ही अशाच एका छोट्या दुकानात जाऊन बसलो. मालकीणबाईंनी "आप लोग इंडिया से?" विचारून एक वडा जास्तीचा ठेवला. अण्णांनी त्याला हात लावला नाही.

"पुण्याच्या लायब्ररीत पुस्तक होतं," ते म्हणाले. "टीव्ही नाटकांच्या संहिता. त्यातलं हे एक. मी फक्त वाचलं होतं. पडद्यावर आज पहिल्यांदा बघितलं."

"मग रूपांतर म्हणून करायचं ना, अण्णा! सगळेच करतात."

"रूपांतराला लेखनाचं बक्षीस नसायचं. स्वतंत्र नाटकालाच मिळायचं. आणि मला वाटलं, तो तिकडे लंडनला, आम्ही इकडे बँकेत, कोणाला कळणार आहे?"

"आणि स्वगत?"

"ते माझं. पुस्तकात शेवटची दोन पानं नुसत्या सूचना होत्या. बॅग उचलतो, ठेवतो. मी म्हटलं, रंगमंचावर चार मिनिटं कोणी गप्प राहिलं तर लोक उठून चहाला जातील. म्हणून लिहिलं."

मग ते खाली बघून म्हणाले, "दुसरं बक्षीस वसंताला मिळालं."

वसंतराव म्हणजे अण्णांच्या शेजारच्या टेबलावरचे. आमच्या लग्नात अक्षता वाटत होते ते. त्यांचं नाटक खरंच त्यांचं स्वतःचं होतं. त्यानंतर त्यांनी काहीच लिहिलं नाही.

"तुमच्यामुळे?"

"कधी विचारलं नाही."

"आईंना माहीत होतं?"

सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अण्णांनी नुसती मान हलवली. नाही.

रविवार

सकाळी समुद्रावर माणसं कमी, कुत्री जास्त. मी बाकावर बसून कॉफी घेतली. इथे कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं, दुसरं मागू नका. अण्णा वाळूत येरझाऱ्या घालत इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. आय टुक युअर प्ले, सर. मग थांबून, आय स्टोल. पुन्हा, आय टुक. शेवटपर्यंत त्यांचं ठरलं नाही.

दुपारी नाटककार आला. नव्वदीच्या आसपासचा, काठी टेकत, अंगावर एक जुनाट स्वेटर. मुलाखत तासभर चालली. कोणीतरी विचारलं, पडद्यासाठी लिहिताना वेगळं काय करता? तो म्हणाला, रंगमंचावर माझा प्रेक्षकांवर विश्वास नसतो, म्हणून पात्रांना बोलायला लावतो. लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

मग सह्यांसाठी रांग लागली. संयोजक बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येकाला दोन मिनिटं. अण्णांची पाळी आली आणि पाठ केलेलं सगळं विसरून ते सरळ बोलले, बँकेच्या मॅनेजरला बोलावं तसं. तुमचं नाटक मी घेतलं. माझ्या नावावर केलं. बक्षीस मिळवलं. चाळीस वर्षं होत आली.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. "हे बरं केलं नाहीत," तो म्हणाला.

"नाही केलं."

"काय बदललंत?"

अण्णांनी स्वगताचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून दाखवा." मराठीत आहे, अण्णा म्हणाले. "मग काय झालं? म्हणा."

आणि त्या दालनात, हातात कॉफीचे कप घेतलेल्या डच लोकांच्या मधोमध, माझ्या सासऱ्यांनी हातात नसलेल्या शिक्क्यावर फुंकर घातली आणि स्वगत म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. संयोजक बाईंनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांचा आवाज इतका लागेल असं मला वाटलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि अभिमान वाटल्याची लाजही वाटली.

संपल्यावर नाटककाराने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "टू लाँग."

अण्णा खदखदून हसले. "मलाही तेव्हापासून तेच वाटतंय!" हे मात्र मराठीत निघालं, आणि मी भाषांतर केलं.

अण्णांनी माफी मागितली. त्याने ती दिली किंवा नाकारली असं काही झालं नाही. त्याने विचारलं, "तुमच्या बँकेतल्या लोकांना माहीत आहे?"

"नाही. काल फक्त हिला कळलं."

"मग तुम्ही चुकीच्या माणसाला सांगताय," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाच्या पुस्तकासाठी हात पुढे केला.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. लाइडनच्या आसपास रुळांच्या कडेने लाल-पिवळे पट्टे लागले. न मागता ट्यूलिप दिसले ते असे. "हे बरे आहेत," एवढंच म्हणाले.

घरी

निखिलला त्यांनी त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं. तो दोन दिवस बापाशी कामापुरतंच बोलला. इराने विचारलं, "आबा, डिड यू कॉपी?" अण्णा म्हणाले, "हो." ती म्हणाली, "देन यू हॅव टू टेल द टीचर," आणि वरणभात खाऊ लागली.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांनी वसंतरावांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, पण फ्लॅट केवढासा! सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी काहीही गाळलं नाही. पलीकडून फक्त "ठेवतो" आलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. चार दिवस काही नाही. अण्णा पुन्हा बाल्कनीत जाऊन बसले आणि मला वाटलं, या माणसाला उगीच द हेगला नेलं. ट्यूलिप दाखवून परत पाठवलं असतं तर निदान त्याची मैत्री शाबूत राहिली असती.

तुमच्यापैकी कोणी असा एखादा कार्यक्रम बघायला द हेगला जायचं म्हणत असेल, तर जरूर जा. शहर पायी फिरण्याजोगं आहे, ट्रॅम सोप्या आहेत, खायचे हाल होत नाहीत. माझ्यापुरतं सांगायचं तर आता मला बटाटे सोलण्याचा प्रसंग कळतो. सासऱ्यांवरचा राग पूर्ण गेलेला नाही, पण त्यांच्याविषयी आधी फक्त आदर होता, आता माया आहे. दोन्हींत किती फरक असतो ते मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी वसंतरावांचा फोन आला. अण्णांनी गडबडीत स्पीकर चालू केला.

"माझं नाटक आठवतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. स्वतःचं स्वगत ज्यांनी अख्ख्या दालनाला ऐकवलं होतं, त्यांना मित्राच्या नाटकातलं एक वाक्य आठवेना.

"नाही रे," ते म्हणाले.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "बस मग," वसंतराव म्हणाले. "अंक पहिला, प्रवेश पहिला."

अण्णा खुर्चीत बसले, फोन मांडीवर ठेवला. दीड तास वाचन चाललं. अण्णा मध्ये एकदाही बोलले नाहीत.