ताई येईपर्यंत

पुण्याला निघाले त्या सकाळी मला फाट्यापर्यंत पोचवायला दोघीच आल्या होत्या, आई आणि दोन महिन्यांपूर्वी घरात आलेली वहिनी. दादा शेतावर धानाच्या रोवणीला गेला होता. माझी बॅग वहिनीनेच डोक्यावर घेतली. नणंदेनं ओझं उचलायचं नसतं म्हणे. एसटी दिसली तशी आई म्हणाली, "तिथं लोकाइले लय इचारत नको बसू." ही खोड मला लहानपणापासूनची.

आणि नोकरी लागली ती नेमकी विचारण्याचीच. कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. कानाला हेडफोन लावून गावोगावच्या बायकांना फोन करायचा आणि विचारायचं, बाळंतपण कुठे झालं? घरी झालं असेल तर का? स्क्रीनवर कारणांची यादी असते: दवाखाना लांब, गाडी नाही, पैसे नाहीत, घरच्यांनी नेलं नाही. सगळ्यात खाली 'इतर'. माझं घोडं कायम त्या 'इतर'पाशी अडायचं.

कारण बायका यादीतलं काही सांगतच नसत. एकीचा दवाखाना घरासमोर होता, पण तिची म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती. एकीला कळा सुरू झाल्यावर "अजून वेळ आहे, उद्या या" म्हणून परत पाठवलं होतं, आणि उद्या उजाडायच्या आत बाळ आलं. एक तर मी राहते त्या कात्रजच्याच बाजूची, बांधकामावरची. ती उलट मलाच म्हणाली, "घरी झालं असं लिहू नका ताई, ते घर नाही, पत्र्याची खोली आहे." मी ऐकतच बसायचे. आमचे टीम लीडर मूळचे इथलेच. ते एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, आपल्याला फॉर्म भरायचाय. कादंबरी नंतर लिहा."

गावी होते तेव्हा मलाही वाटायचं, घरी बाळंत होणाऱ्या बायका अडाणी असतात. शेकडो फोन केल्यावर ते मत गळून पडलं. प्रत्येकीकडे कारण होतं आणि तिच्या जागी बसून बघितलं तर ते पटायचं. आईला विचारलं, मी घरी का झाले? ती म्हणाली, "दवाखान्यात खाट एकच होती, अन् तिच्यावर दुसरी बाई होती." एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं विचारलीच नव्हती.

मागच्या वर्षी वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिली मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात झालेली. आता मात्र ती अडून बसली, सुईणीला बोलवा, मी जाणार नाही. पहिल्या वेळी रक्त खूप गेलं होतं, म्हणून दादा घाबरलेला. त्याने मला फोन लावून तिच्या हातात दिला. मी समजावलं नाही. सवयीने विचारलं, का गं?

"लेकरू झाल्यावर थंडीनं कापत होतो मी. गरम पानी मांगतलं त नर्सबाई म्हने, हॉटेल हाय का हे? तुमच्या आईचं त तिथं तोंडच उघडत नाही." मग म्हणाली, "तुमी येता काय ताई? तुमी आले त जातो मी. तुमाले बोलता येते."

मला फार बरं वाटलं. पुण्यात राहून कमावलं काय, तर काउंटरवर न घाबरता बोलणं. ते कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं. मी म्हटलं, गुरुवारी निघते, आल्या आल्या तुला दवाखान्यात नेते.

गुरुवारी मी निघाले नाही. कोणी अडवलं नव्हतं, रजा मंजूर होती. पण फोनवरच्या एका बाईने तीन बाळंतपणं घरी का केली ते शनिवारी सविस्तर सांगते म्हटलं होतं, आणि ते मला ऐकायचं होतं. वहिनीच्या बाळंतपणाच्या तारखेला अजून बारा दिवस होते. घरी फोन करून सांगितलं, शनिवारी निघते.

वहिनीला शुक्रवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. दादाने दोनदा गाडी दारात आणली. दोन्ही वेळा ती म्हणाली, ताई निघाल्या की येतातच. शनिवारी दुपारी घरीच मुलगा झाला. हे सगळं मला पोचल्यावरच कळलं. रविवारी मी पोचले तेव्हा बाळ छान होतं, आणि वहिनीचं रक्त थांबत नव्हतं. "होते थोडं," सुईण म्हणत होती. वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. मी गाडी बोलवायला लावली.

दवाखान्यात भांडायची सगळी तयारी करून गेले होते. गरम पाणी न मागता मिळालं. नर्सबाईंनी सलाईन लावता लावता एवढंच विचारलं, "इतका वेळ घरी कशाला ठेवलं हो?"

रोज वीस बायकांना हाच प्रश्न विचारणारी मी. मनातल्या मनात यादी चाळली आणि 'इतर'पाशी अडले.

रक्त चढवलं, दुसऱ्या दिवशी वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. ती मात्र शेजारच्या खाटेवरच्या बाईला कौतुकाने सांगत होती, "मी म्हनलं होतं ना, आमच्या ताई येतातच." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

तेव्हापासून घर म्हटलं की मला माती नाही आठवत, अंगण नाही आठवत. आपण सहज बोलून जातो त्या शब्दावर जिथे कुणी जिवाची बाजी लावतं, ते माझं घर. त्याची मला भीतीही वाटते. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, येतो म्हणाल त्या दिवशी निघा. आणि वहिनी, गावातल्या सगळ्याजणींनो, आमची वाट बघू नका. कळा आल्या की गाडीत बसा. आम्ही तिथे येऊ.