जगून राहिली

कूलरचा वाळा भिजला की त्या वासासरशी मला नागपुरातला माझा पहिला उन्हाळा आठवतो. लग्न होऊन मी रत्नागिरीहून आले होते आणि माहेरून आणलेली अनंताची, अबोलीची रोपं मे लागायच्या आत करपली होती. त्या वाफ्याकडे बघून वाटायचं, आपलंही इथे काही खरं नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या धुण्याच्या दगडाच्या फटीत उगवलेली सदाफुली उपटून माझ्या हातात दिली. "हिले जास्ती पाणी नको पाजू वं, लाडानं मरते." ती मी लावली. पुढे एका रणरणत्या दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय वं, जगून राहिली का?" मला वाटलं, मलाच विचारताहेत. "कशीबशी," एवढं म्हणाले आणि हमसून रडायलाच लागले. काकू चपापल्या. "अवं, रडून काहून राहिली? मी त्या झाडाचं इचारलं!" म्हणत डोक्यावर पदर ओढून त्या तशाच उन्हातून आल्या, मला आत नेऊन पन्हं पाजलं आणि दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत. पुढे त्या असेतो दर उन्हाळ्यात तोच प्रश्न विचारायच्या, तोही झाडाकडे अजिबात न बघता. आज सदाफुली अंगणभर झाली आहे. तिच्यावर पाणी शिंपडताना कुंपणाकडे बघून मी त्यांच्याच बोलीत सांगते, "मस्त जगून राहिली, काकू."