आधी ओळखीचं, मग अनोळखी

आमच्या औषधशास्त्राच्या बाई चिकनची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत यायच्या. पिशवीत कोंबडी नसायची, नुसतं आतडं असायचं. कॉलेजला उंदीर-ससे मिळेनासे झाले, तेव्हा बाईंनी बाजारातल्या चिकनवाल्या बाबल्याशी संधान बांधलं. पोरांनी त्यांचं नाव ‘आतडेबाई’ ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आता बाई नाहीत, पण माझ्या पोटापाण्याची विद्या त्या पिशवीतूनच आली.

आतड्याचा बोटभर तुकडा कोमट क्षारपाण्यात टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि वरचा दोरा लेखणीला बांधायचा. तुकडा तासन् तास जिवंत राहतो. मग त्या पाण्यात रक्त सोडायचं. रक्तात ॲड्रेनॅलिन असलं की तो सैलावतो आणि लेखणीची कागदावरची रेघ खाली येते. किती खाली आली, यावरून रक्तात हार्मोन किती ते काढायचं. पण त्याआधी माहीत असलेलं माप घालून तुकडा पारखायचा. “आदी वळखीचा, मगे अनवळखी,” बाई म्हणायच्या. बाजारातही तोच न्याय. नव्या कोळणीकडून आधी बांगडे घ्यायच्या. ते ताजे निघाले तरच पुढच्या खेपेला सुरमई.

शेवटच्या वर्षी मी एकदा नापास झाले. बाबांची गावी, तोंडवलीला, मासेमारीची होडी. ते म्हणाले, “ह्या खेपेक पास झालंस तर बरा, नायतर घराक ये.” फेरपरीक्षेला मी एकटीच, आणि नेमका त्याच दिवशी माझा तुकडा ढिम्म! ओळखीचं माप घातलं, दुप्पट घातलं, तरी रेघ आपली सरळ. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, “मागच्या वेळचे आकडे लिही आणि मोकळी हो.”

मी बाईंकडे पाहिलं. त्या उरलेलं आतडं नाकाशी नेऊन हुंगत होत्या. “हळद!” त्या म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. आज पोरीची परीक्षा म्हणून बाबल्यानं आतडं घरच्यासारखं हळद-मीठ चोळून स्वच्छ धुऊन पाठवलं होतं. तुकडा टांगण्याआधीच मेलेला!

मी लिहिलं, “ओळखीच्या मापाला उत्तर नाही, म्हणून अनोळखी रक्ताबद्दल काही सांगता येत नाही.” परीक्षकांनी ते दोनदा वाचलं आणि मला पास केलं. बाबल्याला मात्र बाईंनी कुणाला काही बोलू दिलं नाही. “तेना मायेन केल्यान,” एवढंच म्हणाल्या.

त्या पास होण्यावरच मला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. इथं हार्मोन यंत्र मोजतं, आतडं लागत नाही. ओळखीचा नमुना आधी लावायची रीत सगळीकडेच आहे. मी मात्र तो देवापुढे दिवा लावावा तसा लावते.

गेल्या वर्षी बाईंचंच रक्त माझ्यापुढे आलं. आकडा डॉक्टरांना भीती होती तसाच निघाला. माझा विश्वास बसेना. यंत्र खोटं ठरावं म्हणून मी ओळखीचा नमुना पुन्हा लावला. तो अगदी बरोबर आला. बाईंचा पुन्हा लावला, आकडा तोच. बाहेर बाकावर बसलेल्या बाई काचेतून सगळं बघत होत्या. मी डोळे पुसून दाराशी गेले.

“वळखीचो बरोबर इलो मां?”

मी मान डोलावली.

“मगे माझोय खरो,” बाई म्हणाल्या आणि माझा हात थोपटला. “बरा केलंस गो, परत लावन बघलंस ता.”