तेरड्याची पुडी

कपाट आवरताना माझ्याच अक्षरात लिहिलेली पुडी सापडली: तेरडा, खाली त्याचं लॅटिन नाव, सुर्ल्याचा सडा. आत नुसती टरफलं.

खाणीच्या उजाड डंपावर, टाकाऊ मातीच्या ढिगावर, रानफुलं पेरायला एक तज्ज्ञ साहेब आले होते. तज्ज्ञ कसले! सुर्ल्याच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, भिंगातून बघत फुलाचं लॅटिन नाव सांगितलं, ते मी, खाणीच्या कारकुनाने, पुडीवर लिहून घेतलं. मग बी म्हणून सुकून उकललेली बोंडं चिमट्याने वेचू लागले.

दरवर्षी गौरीला तेरडा आणणाऱ्या मजूर पार्वतीबाई म्हणाल्या, "सायबानू, ती रिकामी आसत. हिरवी, फुगलेली मुठीत धरा, बी हातातच पडता."

"बाई, हे शास्त्र आहे," साहेब हसले. त्यांच्याहून मोठ्याने मी हसलो.

डंप अजून बोडकाच आहे. तेरडा फुलतो पार्वतीबाईंच्या दारात. पुडीवरचं लॅटिन नाव मात्र अगदी अचूक आहे.