लाकडावरची दाद

ताम,

तू गावभर आपली गोष्ट सांगत सुटली आहेस, असं तुझी भाची दिएप परवा फोनवर म्हणाली. तुझ्या गोष्टीत म्हणे मी हनोईहून मुद्दाम तुझा माज उतरवायला आले होते, माझ्या डोळ्यांत अंगार होता आणि हातात मुसळाएवढी काठी होती. ताम, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. काठी लाटण्याएवढी होती. बाकीचंही तू असंच फुगवत असणार, म्हणून घडलं तसं लिहून पाठवते. दिएपकडून मोठ्याने वाचून घे. चष्मा तू लावणार नाहीस, हे मला माहीत आहे.

मी दक्षिणेत आले होते लेकीकडे. तिचे सासरे, आमचे व्याही चिन, तुमच्या देवळाच्या पंचांपैकी एक. ते म्हणाले, "विहीणबाई, गावदेवाची जत्रा आहे, नाटकं आहेत, चला." आम्हा हनोईकरांची एक पक्की समजूत असते, की दक्षिणेतली माणसं मनाने चांगली, पण कशातही साखर घालतात, गाण्यातसुद्धा. ही समजूत बरोबर घेऊनच मी नावेत बसले.

तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते दुपारच्या जेवणाला. पेंढ्यात भाजलेला मरळ मासा समोर होता आणि व्याही तो तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळून माझ्या ताटात एकामागून एक ठेवत होते.

"आमची ताम नावेतच जन्मली," ते म्हणाले. "आई नाटकात राणी. तिसऱ्या अंकात बाळंत झाली आणि शेवटच्या अंकात पुन्हा सिंहासनावर येऊन बसली."

"बाबा, मागच्या वेळी दुसऱ्या अंकात झाली होती," लेक म्हणाली.

"तेव्हा नाटक लहान होतं. बरं, ऐका विहीणबाई. एरवी ताम बाजारात बदकाची अंडी विकते. अंडं कानाशी हलवते आणि आत काय आहे ते सांगते. पण जत्रेत म्हातारा सेनापती करायचा तो तिनेच. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी दुसऱ्या कुणी त्या दाढीला हात लावायचा नाही. भाची दिएप तयार होऊन बसलीय, तिला अजून भालदारच करते."

"मग पंचांनी सांगावं तिला."

"कोण सांगणार? तिने नाटकाच्या मूळपुरुषासमोर उदबत्ती लावून शपथ घेतलीय. ज्या दिवशी ढोल मला टोकेल, त्या दिवशी दाढी उतरवीन. आणि ढोल साउ आजोबांच्या हातात. ते तिला कसले टोकतात! तरुणपणी तिच्या नावेमागे पोहत..." इथे व्याह्यांनी सुनेकडे पाहिलं आणि उरलेलं वाक्य माशाबरोबर गिळलं.

म्हणजे गोष्ट सरळ होती. तुझी दाढी त्या ढोलावर अडकलेली होती, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, आणि जेवण व्हायच्या आत मलाही ठाऊक झालं. शहाण्या बाईने यावर चहा पिऊन झोप काढली असती. मी काय केलं? मी बोलायला लागले.

मी म्हणाले, आमच्या हनोईच्या गल्लीत जुन्या गाण्याची बैठक असते. गाणारीण बांबूच्या पट्टीवर ताल धरते, शेजारी लांब दांड्याची वीणा, आणि समोर ऐकणाऱ्यापाशी ढोल. गाणं कसं झालं ते ऐकणाऱ्याने काठीने सांगायचं. सहसा बायका ती काठी हातात घेत नाहीत, मी घेते. शिवाय जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंय, ध्वनी हा तर माझा खास विषय. हे शेवटचं बोलायची काहीच गरज नव्हती. पण माझ्या पोटात मासा होता आणि समोर माना डोलावणारी माणसं होती.

आता तूही ऐक, कारण हे तू कधी समजूनच घेतलं नाहीस. आमच्या बैठकीत चामड्यावरचा ठोका म्हणजे नुसता पूर्णविराम: ओळ संपली, पुढे चला. खरी दाद द्यायची ती ढोलाच्या लाकडावर. टक्! तो आवाज आला की गाणारणीच्या पाठीचा कणा सरळ होतो. तुमच्या जत्रेच्या नाटकात नेमकं उलटं. चामड्यावर धम् म्हणजे वाहवा, लाकडावर टक् म्हणजे घरी जा. मला हे माहीत नव्हतं. आणि माहीत नसेल तर विचारावं, हा नियम मी फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवला होता.

तेवढ्यात साउ आजोबांची दाढ सुजली. गाल टोपलीएवढा, डोक्याभोवती फडकं, तोंडातून शब्द फुटेना. देवळात पंचांची कुजबुज झाली. ढोलावर बसायला मानाचं माणूस हवं, आणि साक्षात हनोईच्या प्राध्यापिका जेवून मोकळ्या बसल्या होत्या! व्याही छाती काढून म्हणाले, "आमच्या विहीणबाई जाणकार आहेत." मी आधी "छे छे, मी कसली!" म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं तर खरं मानतील या भीतीने एकदाच म्हणाले. काळा रेशमी झगा घातला, ढोलामागे बसले, काठी उचलली. साउ आजोबा शेजारीच बसले, गाल धरून.

नाटकाची सुरुवात बरी गेली. मी ओळ संपली की चामड्यावर ठोका देत होते, माझ्या हिशेबाने पूर्णविराम. लोकांच्या हिशेबाने मी भालदाराला, दोन दासींना आणि एका वाघाला भरभरून वाहवा देत होते. वाघ तर इतका खूश झाला की जाताना मला वाकून नमस्कार करून गेला. शेजारची म्हातारी पंखा हलवत म्हणाली, "मोठ्या मनाच्या आहेत हो बाई!" मी मान तुकवली.

मग तू आलीस. लाल रंगवलेलं तोंड, पाठीवर निशाणं, छातीवर काळी दाढी, हातात चाबूक, म्हणजेच घोडा. राजाने म्हाताऱ्या सेनापतीला घरी बसवलंय, खिंडीवर शत्रू आलाय, आणि हा पहाटे चोरून तबेल्यात शिरतो. घोड्यावर चढायला जातो, पाय रिकिबीत जात नाही. पुन्हा जातो. पुन्हा नाही. मग घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून त्यालाच विचारतो, मी जड झालो की तू उंच झालास?

ताम, मी साखर शोधायला आले होते. तू त्या चाबकावर कपाळ टेकलंस आणि मी साखरेचं विसरले. मी काठी उचलली आणि असेल नसेल तेवढ्या कौतुकाने लाकडावर हाणली.

टक्!

सगळं अंगण गप्प. म्हातारीचा पंखा थांबला. मला वाटलं, भारावले बिचारे. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, दाद पोचली. मग तू मागे सरलीस, झांजवाल्याला खूण केलीस आणि तीच जागा पुन्हा घेतलीस. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. वन्स मोअर! ते पण माझ्या एका ठोक्यावर! साउ आजोबा "अं! अं!" करत माझी बाही ओढायला लागले. मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "हो ना, काय गाते!"

दुसऱ्यांदा तुझा आवाज वरच्या सुरावर फाटला. झांजवाला तो झाकायला धावला, तर तू चाबकाने त्याला थांबवलंस आणि फाटक्या आवाजातच ओळ पुरी केलीस. मला ते पहिल्यापेक्षा आवडलं. मी पुन्हा मारलं. टक्! आणि हात बसलाच होता म्हणून लगेच आणखी एक. टक्!

साउ आजोबांनी काठी हिसकावली. फडकं सुटलं, दाढ विसरले आणि ओरडले, "अहो बाई, काय जीव घेता काय तिचा!"

व्याही चिन रंगमंचावर चढले. हात जोडून म्हणाले, "मंडळी, आमच्या विहीणबाई हनोईच्या आहेत. तिकडे सगळं उलटं असतं. ठोके माघारी घेतले आहेत."

"कुणी घेतले माघारी?" तू दाढीआडून विचारलंस.

"ताम, त्यांना कळत नाही गं."

"मी म्हणाले होते, ढोल टोकेल त्या दिवशी. कळणाऱ्याने मारला तर, असं म्हणाले होते का? उतरा खाली. माझा प्रवेश चाललाय."

आणि तू उरलेला प्रवेश पुरा केलास. तिसऱ्या खेपेला पाय रिकिबीत गेला. घोडा निघाला. टाळी मात्र कुणाला वाजवता येईना.

मी रंगमंचामागे आले तेव्हा मूळपुरुषाच्या देव्हाऱ्यासमोर तुझी दाढी तबकात ठेवलेली होती. तू तेलाने तोंडाचा रंग पुसत होतीस, अर्धं तोंड लाल, अर्धं तुझं. दिएप भालदाराच्या वेशातच रडत होती. "मावशी, हे धरायचं नाही! त्या बाईंना अक्कल नाही!"

"अक्कल नाही ती बाई तुझ्या मागे उभी आहे," तू म्हणालीस. "बसा हो. चहा घ्या."

मी म्हणाले, "अहो, मी कौतुक करत होते. आमच्याकडे लाकूड म्हणजे..."

"ऐकलं. तुमच्या व्याह्यांनी सगळ्या गावाला ऐकवलं. पहिल्या ठोक्याला मी तुम्हाला अशी शिवी घातली मनात, की हनोईत तिचा अर्थही कळणार नाही."

"कळला असता."

तू पहिल्यांदा हसलीस. मग म्हणालीस, "दुसऱ्यांदा आवाज फाटला तो मला ऐकू आला. साउ दर वेळी त्याच जागी चामडं बडवतो, त्या आवाजात माझा आवाज मलाच कधी ऐकू येत नाही. आज आला. तुम्ही काठी उचलली तेव्हा मी म्हटलं, मार बाई."

"पण मला तो फाटलेलाच जास्त आवडला."

"तुम्हाला आवडला. मला नाही. दिएप, डोळे पूस, रंग पसरतोय. उद्या सकाळी सेनापती तू. आणि चढताना डावा पाय आधी, सांगून सांगून जीभ झिजली माझी."

दुसऱ्या दिवशी दिएपने सेनापती केला. ढोलावर साउ आजोबा, त्यांच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला, काठीपासून हातभर लांब बसवलेली मी. पोरीने सुरेख गायलं. घोड्याशी आली आणि उजवा पाय टाकला. कुणाला काही कळायच्या आत तू साउ आजोबांच्या हातातून काठी घेतलीस. टक्! मी बसल्या जागी दचकले. दिएपने तुझ्याकडे असं पाहिलं, की मला ती शिवी ऐकू आली. मग ती मागे सरली आणि डावा पाय टाकला. तेव्हा तू काठी साउ आजोबांना परत दिलीस आणि म्हणालीस, "आता मार चामड्यावर. आता खरं आहे."

दिएपला तू पेटीतली नवी दाढी लावली होतीस. जुनी, तुझी, मी निघाले तेव्हा तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून माझ्या बॅगेत टाकलीस, वाळवलेल्या माशांच्या शेजारी.

"तुमच्या हनोईत नाटकाच्या सामानाची गल्ली आहे ना? केस सुटलेत. गाठी नव्याने मारून आणा."

"तू स्वतःच मारतेस की गाठी. व्याही म्हणाले."

"इथे असली की हात तिच्याकडेच जातो, बाई. घेऊन जा."

विमानतळावर तपासणीवाल्याने चिमटीत धरून ती बाहेर काढली. "आजी, हे काय?" "सेनापती," मी म्हणाले. त्याने वास घेतला आणि मला लगेच जाऊ दिलं.

ते दुकान माझ्या खिडकीतून दिसतं, हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. आल्याच्या आठवड्यातच दाढी घेऊन गेले होते. दुकानदारीण म्हणाली, "बसा, चहा होईपर्यंत करून देते." मी खुर्चीवर टेकले. मग मनात आलं, गाठी झाल्या की ती पाठवावी लागणार. पाठवली की ती तुझ्या घरात, खुंटीवर, आणि पुढची जत्रा आली की तुझा हात तिच्यावर. मी उठले, दाढी पुन्हा पिशवीत घातली. दुकानदारीण अजूनही माझ्याकडे संशयाने बघते.

तेव्हापासून दर नव्या वर्षाला तुझा फोन येतो. आधी अंड्यांचा भाव, मग दिएपच्या पायांची तक्रार, मग साउच्या दाढा. फोन ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं, "झाली का गं दाढी?" मी सांगते, "दुकान बंद होतं." तू म्हणतेस, "असू दे, घाई कुणाला आहे?"

यंदा तर मी तोंड उघडायच्या आतच तू म्हणालीस, "दुकान बंदच असेल ना?"

"बंदच आहे," मी म्हणाले. समोर दुकानदारीण दारात स्टुलावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघत होती.