भूपालअण्णांचा जबडा

भूपालअण्णा माणसाला 'या बसा' म्हणायच्या आधी त्याच्या हळदीला चावायचे. सांगलीच्या बाजारात त्यांची अडत होती, म्हणजे शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्याला विकून द्यायचं दुकान. पोतं उघडलं की एक हळकुंड उचलायचं, सदऱ्याला पुसायचं आणि दाढेखाली धरायचं. "दात रुतला तर वली, न्हाई रुतला तर कडक. ह्यात शाळा शिकायचं काय हाय?" एवढंच त्यांचं शास्त्र. पण अण्णांनी "कडक!" म्हटलं की परमुलखातला व्यापारी पोत्यात हात न घालता माल उचलायचा. उभ्या जन्मात तो शब्द खोटा पडला नव्हता. अण्णांची इस्टेट म्हणाल तर तो शब्दच.

या चावण्यानं त्यांचा जबडा मात्र पाट्यासारखा रुंद झाला होता. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते फ्लेक्सवाल्याला. एकसष्टीचा फ्लेक्स करताना तो म्हणाला, "अण्णा, तोंड लय रुंद येतंय, शुभेच्छुक मावंनात." आता आली का पंचाईत! पुतण्यांची नावं गाळावीत तर घरात महाभारत. तेव्हा अण्णांनी जबडाच आवरायचं ठरवलं आणि दोन्ही गालांत बोटॉक्सची इंजेक्शनं घेऊन आले. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की चावायचे स्नायू ढिले पडतील, मग बारीक होतील, तीन-चार महिने चावायची ताकद कमी राहील. अण्णांनी त्यातला 'बारीक' तेवढा ऐकला. बरं, हे 'पी हळद नि हो गोरी' असंही नव्हतं. गाल उतरायला दीड महिना लागला, तोवर एकसष्टी जुन्याच तोंडावर उरकली.

हळदीच्या हंगामात मी कडेगावाहून गेलो. मी शाळामास्तर, पण दोन एकर हळद करतो. जेवायला अण्णांकडेच होतो. अण्णा भाकरीशी झुंजत होते. "आज काय चामडं थापलंय का गं?" काकूंनी वाढता वाढता सुनावलं, "आवं, भाकरी तीच हाय. तोंड बदललंय तुमचं." मी पोट धरून हसलो.

दुपारी माझं पोतं उघडलं. खरं सांगतो, ढगाळ हवा पाहून मी घाई केली होती. हळद चार उन्हं कमी वाळली होती. हळकुंड बोटांत वाकत होतं हो! अण्णांनी चावलं, जोर लावला, दात काही रुतला नाही. "कडक! मास्तर, औंदा नाव काढलंसा." मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो आणि गप्प बसलो. गावी येऊन फक्त दोघांच्या कानात सांगितलं. दोघांच्या म्हणजे तालुक्याच्याच. मग काय, जो तो ओली हळद भरून सांगलीला पळाला. वर "अण्णा, लय तरुण दिसताय गड्या!" हेही प्रत्येकानं न चुकता सांगितलं.

महिन्याभरात व्यापारी दारात उभा राहिला. त्याच्या गोदामातल्या मालाला बुरशी लागली होती, नमुना सोबत आणला होता. अण्णांनी त्यातलं एक हळकुंड चावलं आणि म्हणाले, "कडक हाय की." व्यापाऱ्यानं तेच हळकुंड त्यांच्यासमोर दोन बोटांनी वाकवलं. मोडलं नाही, नुसतं वाकलं. अण्णांनी दुसरं हळकुंड घेऊन स्वतः वाकवलं, तेही वाकलं. त्यांनी ना शेतकऱ्याला नाव ठेवलं, ना डॉक्टरला. "माल माझ्या तोंडानं गेला, माझ्या दारात यील," म्हणाले आणि सगळी पोती परत घेतली.

जबड्याची ताकद पुढे परत आली. शब्दाची आली नाही. व्यापारी आता ओल मोजायचं यंत्र घेऊन येतात. अण्णा सवयीनं हळकुंड चावतात, "कडक" म्हणतात, आणि सगळे यंत्राचा आकडा वाचतात. ते बघून मला फार वाईट वाटलं, माझीच मला लाज वाटली. म्हणून मुद्दाम भेटायला गेलो. पण तोंडातून निघालं ते असं, "अण्णा, त्या इंजेक्शनानं घात केला बघा."

अण्णांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाले, "व्हय मास्तर. माझ्या जबड्यात इंजेक्शन हुतं. तुमच्या जबड्यात काय हुतं?"